तीन लाख किलोमीटरनंतरची गाडी: इंजिन न उघडता ती पुढे कशी न्यायची

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणाऱ्या अर्व गॉर्डन या विज्ञानाच्या शिक्षकाने १९६६ साली लाल रंगाची व्होल्वो पी१८००एस घेतली. २०१३ मध्ये अलास्कात तिचे ३० लाख मैल पूर्ण झाले. २०१८ मध्ये ते वारले तेव्हा मीटर ३२ लाख मैलांच्या पुढे होतं, म्हणजे ५१ लाख किलोमीटरहून जास्त. इंजिन पहिल्यांदा उघडलं गेलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी आपली १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. त्यांची पद्धत वेगळी होती. जवळ तीन इंजिनं ठेवायची, एक गाडीत घालायचं आणि उतरवलेलं सावकाश दुरुस्त करायचं.

आपल्याला जमण्यासारखी पद्धत गॉर्डन यांची: वेळच्या वेळी देखभाल करायची आणि इंजिन शक्यतो उघडायचं नाही. जुनी इनोव्हा, बोलेरो, सुमो, एर्टिगा अशा गाड्या टुरिस्टवाल्यांकडे चार-पाच लाख किलोमीटर सहज जातात, आणि त्याच गाड्या घरगुती वापरात दोन लाखांवर 'इंजिन गेलं' म्हणून विकायला निघतात. टुरिस्टवाल्याची गाडी रोज चालते, गरम झाल्यावर तासन्‌तास एका लयीत चालते, आणि ती उभी राहिली तर त्याचा धंदा बुडतो, म्हणून तो काम पुढे ढकलत नाही. हे शेवटचं कारण सगळ्यांत मोठं. पुढची सगळी कामं त्यावरच उभी आहेत: पार्ट तुटायची वाट न बघता ठरल्या वेळी बदलायचा.

आधी गाडीचे तास मोजा

मीटरवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पुणे किंवा ठाण्यातल्या गर्दीत सरासरी २० च्या वेगाने चाललेल्या गाडीचं इंजिन एक लाख किलोमीटरसाठी ५,००० तास फिरतं. हायवेवर सरासरी ६० ने चाललेल्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी साधारण १,६७० तास पुरतात. शिवाय शहरातल्या गाडीचे क्लच, ब्रेक आणि स्टार्टर किती वेळा वापरले गेले ते वेगळंच. म्हणून 'रनिंग किती?' या प्रश्नासोबत 'रनिंग कुठलं?' हेही विचारा. शिर्डी-नाशिक-मुंबई मारणारी तीन लाखांची गाडी मला कॉलनीत शाळा-भाजी करणाऱ्या सव्वा लाखाच्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

जुनी गाडी विकत घेत असाल तर मीटर मागे केलेलं आहे असंच धरून चाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन जुन्या नोंदी मिळतात का बघा. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची झीज, ड्रायव्हर सीटची दबलेली कड यांची मीटरशी सांगड लागते का तेही बघा.

पहिलं काम: पाटी कोरी करा

इतिहास माहीत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. इंजिन ऑइल व फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, मागच्या डिफरन्शियलचं (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल, फॅन बेल्ट हे सगळं एकदा बदलून टाका आणि त्या दिवसाचं किलोमीटर वहीत लिहा. टायमिंग बेल्टची (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवणाऱ्या पट्ट्याची) पावती नसेल तर तो बदललेला नाही असं समजायचं. खर्च टोचतो, पण त्यानंतर गाडीत काय, कधी घातलं हे तुम्हाला ठाऊक असतं.

त्याच वेळी गाडी रॅम्पवर घेऊन खालून नीट पाहा. कुठे ओल आहे, कुठल्या रबराला चिरा आहेत याचे मोबाइलवर फोटो काढा. तीन महिन्यांनी तेच फोटो पुन्हा काढा. ऑइलचा जुना सुकलेला डाग आणि वाढत चाललेली गळती यांतला फरक मिस्त्रीच्या शब्दावर सोडावा लागत नाही.

ऑइल: वेळ पाळणं ब्रँडपेक्षा मोठं

बहुतेक कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणतात. मॅन्युअलच्या मागच्या पानांत 'कठीण वापर' असा वेगळा तक्ता असतो. धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या, घाट, भरलेली गाडी: यांतलं काहीच लागू होत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. जुन्या डिझेलसाठी ७,००० ते ७,५०० किलोमीटर हा हिशेब मला योग्य वाटतो. गाडी कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा बदल हवाच.

ग्रेड मॅन्युअलमधलाच ठेवा. 'गाडी जुनी झाली, आता घट्ट ऑइल टाकू' हा सल्ला हमखास मिळतो. घट्ट ऑइलने आवाज थोडा दबतो आणि धूरही थोडा कमी दिसतो. पण सकाळी पहिल्या स्टार्टला तेच ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज तेव्हाच सर्वांत जास्त होते. मॅन्युअलमध्ये आपल्या हवामानासाठी दोन ग्रेड दिले असतील तर त्यांतला जाड निवडायला हरकत नाही, त्यापलीकडे जाऊ नका. जुन्या, काळं मेण साचलेल्या इंजिनात 'फ्लश' (आतली घाण सोडवणारं रसायन) टाकण्याच्याही मी विरोधात आहे. सुटलेली घाण खालच्या जाळीत अडकली तर ऑइल पंपाला ऑइलच मिळत नाही. त्याऐवजी चांगलं ऑइल दोन-तीन वेळा लवकर बदला, घाण हळूहळू निघून जाते.

डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी तपासा. इथे बहुतेक जण पातळी कमी झाली का एवढंच बघतात. पातळी वाढली असेल तर जास्त घाबरा. डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, किंवा कूलंट शिरतंय. डिझेलचा वास येतो, आणि पाणी शिरलं असेल तर ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग करा.

ऑइल खाणं किती चालतं? काही कंपन्या १,००० किलोमीटरला एक लिटरपर्यंतही सामान्य मानतात. मी अर्ध्या लिटरवर कारण शोधायला लागेन. सकाळी स्टार्ट करताना किंवा उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. चढावर, लोडवर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा). इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण हळूच उघडून पाहा. थोडी हवा येणारच, पण भात्यासारखे झोत येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत.

उष्णता: इथेच सर्वाधिक गाड्या जातात

तीन-चार लाख चाललेलं इंजिन बहुधा झिजून मरत नाही. एका दुपारी, कसाऱ्यात किंवा वरंध्यात, तापमानाचा काटा वर गेलेला असताना 'वर पोचून बघू' म्हणून मारलेल्या पाच किलोमीटरांत ते मरतं. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, आणि पुढे काम संपता संपत नाही.

कूलंट म्हणजे हिरवं पाणी नव्हे. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि ती दोन-चार वर्षांत संपतात, रंग तसाच राहतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डीमिनरलाइज्ड पाणी. बोअरचं पाणी कधीच नको. सोलापूर-मराठवाड्याकडे बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या केसाएवढ्या नळ्यांत बसतो. वाटेत नाइलाज झाला तर बिसलरी टाका, पण घरी आल्यावर सगळं काढून नव्याने भरा.

रेडिएटरचं झाकण हा शंभर-दोनशे रुपयांचा पार्ट सगळ्यांत दुर्लक्षित. ते आतला दाब सुमारे एक बार राखतं, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की इंजिन धडधाकट असूनही घाटात पाणी उकळून बाहेर येतं. दर दोन-तीन वर्षांनी झाकण बदला. होस पाइप थंड असताना दाबून पाहा. कडक, भेगाळलेला किंवा फुगलेला असेल तर तो गेला. वॉटर पंपाखाली एक छोटं छिद्र असतं. तिथे रंगीत सुकलेला ओघळ दिसला तर पंपाचं सील सुटतंय, आता महिना-दोन महिने हातात आहेत.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. 'आपल्याकडे गरम हवा, काय गरज?' म्हणत अनेक गॅरेजवाले तो काढून टाकतात. काटा खाली राहतो, गिऱ्हाईक खूश. पण तसं इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. ऑइलमधली वाफ उडत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ॲव्हरेज पडतो आणि झीज वाढते. तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट काढलेला आहे का ते आजच विचारा. असेल तर बसवून घ्या आणि तो का काढला होता ते शोधा. बहुतेक वेळा तुंबलेला रेडिएटर लपवायला तो काढलेला असतो.

बाहेरून रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर यांच्या फटीत चिखल, किडे, पिसं साठतात. वर्षातून एकदा पाण्याच्या हलक्या धारेने, शक्य असेल तर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, धुवून घ्या. प्रेशर गनने पत्ती वाकते.

काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण, खिडक्या उघड्या, गिअर आणि वेग कमी. तरी उतरत नसेल तर थांबा. पाणी गळालेलं नसेल तर इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, गळालं असेल तर तत्काळ बंद करा. झाकण उघडायचं ते अर्ध्या-पाऊण तासाने, फडकं ठेवून. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणाऱ्या मदतनीसाला नम्रपणे लांब ठेवा.

डिझेल, हवा आणि इंजेक्टर

कॉमन रेल (खूप जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनला पाणी आणि धूळ चालत नाही. फिल्टरखालचा स्क्रू सोडून साठलेलं पाणी पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढा. टाकी पाव भागाखाली नेहमी नेऊ नका. एअर फिल्टर कॉम्प्रेसरने मारून पुन्हा पुन्हा वापरू नका. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपचे क्लिपही घट्ट आहेत का बघा, कारण तिथून शिरणारी धूळ फिल्टरला बगल देते.

टोयोटाच्या डी-फोर-डी इंजिनांतली एक खोड इथे सांगायला हवी, कारण जुन्या इनोव्हा-फॉर्च्युनर रस्त्यावर खूप आहेत. इंजेक्टरखालची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाखालची) तांब्याची वॉशर झिजली की जळलेला वायू वर येतो, त्यातली काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि खाली ऑइल पंपाची जाळी तुंबवते. एक दिवस ऑइलचा दिवा लागतो आणि बेअरिंगा गेलेल्या असतात. थंड इंजिनचा खट्‌खट्‌ आवाज, ऑइलच्या झाकणाखाली कोळशासारखे कण, इंजेक्टरभोवती काळा चिकटा ही त्याची चिन्हं. तीन लाखांवर गाडी घेतली असेल तर वॉशर बदलून ऑइल पॅन उतरवून जाळी साफ करणं, हे दोन दिवसांचं काम अख्खं इंजिन वाचवतं.

टर्बो असेल तर हायवे किंवा घाटातून येऊन गाडी लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवा.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलची कथा निराळी. धुराच्या फिल्टरला साफ व्हायला लांबचा, गरम प्रवास लागतो, आणि ऑइलही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच लागतं. रोज चार किलोमीटर जायचं असेल तर अशी गाडी लाखो किलोमीटर टिकवण्याचं स्वप्न बघू नका. सीएनजीवाल्यांनी प्लग वेळेवर बदलावेत, व्हॉल्व्हचं सेटिंग तपासावं, रोज थोडं पेट्रोलवर चालवावं आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी.

टायमिंग बेल्ट

पहिल्या पिढीच्या २.५ इनोव्हात बेल्ट आहे, नंतरच्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेलमध्ये चेन. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी जाणून घ्या. बेल्ट तुटण्याआधी सांगत नाही, आणि तुटला की डिझेलमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मॅन्युअलमधलं किलोमीटर आणि वर्षं, जे आधी येईल तेव्हा बदला. सोबत टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि जागेवर धरणाऱ्या पुल्या) नवे घाला. वॉटर पंप बेल्टमागे बसलेला असेल तर तोही त्याच वेळी उरका. चेनवाल्यांनी सकाळी स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू आली तर दुर्लक्ष करू नये.

खालची कामं

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल ४०-५० हजारांवर बदला. ऑटोमॅटिकचं ऑइल 'आयुष्यभर चालतं' असं सांगतात, पण त्या हिशेबात आयुष्य दीड-दोन लाखांचं धरलेलं असतं. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला ग्रीस प्रत्येक सर्व्हिसला, आणि मुद्दाम उभं राहून बघा, कारण पावसात चिखलात शिरून ग्रीसिंग करायचा गॅरेजमधल्या मुलाला कंटाळा असतो. क्लच बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र. गिअरबॉक्स दोनदा उतरवण्याची मजुरी परवडत नाही.

सस्पेन्शन पावसाळ्यानंतर, गणपती-नवरात्राच्या सुमारास एकदा पूर्ण तपासा: लिंक रॉड, बॉल जॉइंट, बुश, शॉकअप. डावा बदलला तर उजवाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच. नाहीतर लांब उतारावर पेडल मऊ पडतं. टायरवरचा शेवटचा चार आकडी कोड वाचायला शिका, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांचा टायर भरल्या गाडीला नको.

इंजिन वाचलं तरी कोकण, मुंबई, गोव्यात गाडी गंजाने जाते. पावसाळा संपला की खालून स्वच्छ धुवून, दोन दिवस उन्हात वाळवून मगच कोटिंग करा. गंजावर काळा थर मारला तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून कुजतो. दारांच्या खालची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा. चेसिसवर, विशेषतः सस्पेन्शन जिथे जोडलेलं आहे तिथे, स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. टोक आत गेलं तर त्या गाडीवर इंजिनचा खर्च करू नका.

वही आणि पैसा

वहीत चार रकाने पुरे: तारीख, किलोमीटर, काय केलं, पार्ट कुठला आणि किती. टाकी फुल ते फुल ॲव्हरेजही लिहीत जा. बाकी काही बदललेलं नसताना ॲव्हरेज दीड-दोनने पडला तर ब्रेक चिकटतोय, फिल्टर तुंबलाय किंवा इंजेक्टर बिघडतोय. काटा, आवाज, धूर यांच्या आधी वही सांगते.

पैशाचं म्हणाल तर किलोमीटरमागे दोन रुपये बाजूला टाका. महिन्याला दोन हजार किलोमीटर तर चार हजार. ज्या महिन्यात काही निघत नाही त्या महिन्यातही. बेल्ट, क्लच आणि टायर एकाच वर्षी येतात, आणि तेव्हा लोक बेल्ट पुढे ढकलून सीट कव्हर घेतात. कामाचा क्रम असा ठेवा: इंजिन मारणारं आधी, मग ब्रेक-स्टिअरिंग, मग रस्त्यात उभं करणारं, आणि एसीचा गारवा-बिरवा सगळ्यांत शेवटी. पार्ट कुठे लोकल चालतो? आरशाला, बंपरला, सीटला. बेल्ट, फिल्टर, ब्रेक, सील, वॉटर पंप यांत नाही. ऑइल फिल्टर तर ओळखीच्या दुकानातून, कंपनीचं होलोग्रॅम बघूनच, कारण नकली माल तिथेच सर्वाधिक.

इंजिन कधी उघडायचं, आणि कागद

धूर दिसला म्हणून कुणी 'हाफ इंजिन करून टाकू' (इंजिन उघडून रिंगा-बेअरिंगा बदलू) म्हणालं तर आधी कॉम्प्रेशन किंवा लीक टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो याची तपासणी) करून आकडे लिहून मागा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास असतील आणि मर्यादेत असतील तर इंजिन बंदच राहू द्या, काम टर्बो, इंजेक्टर किंवा सीलचं असू शकतं. एकच सिलिंडर खाली असेल तर दोष तिथे शोधा. सगळेच खाली असतील, ऑइल पिणं वाढलेलं असेल आणि चेसिस ठणठणीत असेल तरच पूर्ण काम, आणि तेही मशीन शॉपमध्ये मापं घेऊन. नुसत्या रिंगा बदलून वर्षभरात पुन्हा तेच होतं.

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिला इंजिनने नाही, वयाच्या नियमाने थांबवलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे आरटीओत फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर लागतो. त्यामुळे चौदाव्या वर्षी मोठा खर्च काढण्यापूर्वी नूतनीकरणाचं शुल्क, कर आणि तपासणीत अडेल असं काम, तिन्हींची बेरीज करून घ्या. फिटनेसला नेण्याच्या दोन आठवडे आधी पीयूसी काढा. धूर मर्यादेबाहेर गेला तर इंजेक्टर आणि फिल्टरच्या कामाला तेवढा वेळ लागतोच.